जुळलेलं रक्त

१

खलाशाला हुडहुडी भरली, कंबर फुटतेय म्हणून तो कण्हायला लागला, तेव्हा सिस्टरनं धावत येऊन रक्ताची नळी बंद केली. मग तिची नजर खाटेखालच्या बाटलीकडे गेली. लघवी उतरली होती ती काळ्या चहाच्या रंगाची. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि त्यानंतर लघवी थांबलीच.

मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला समजेल अशा शब्दांत सांगितलं. रक्तातल्या तांबड्या पेशी अंगात फुटल्या आहेत. फुटलेल्या पेशींतला रंग मूत्रपिंडात जाऊन बसलाय, गाळानं मोरी तुंबावी तसा. आता यंत्रावर रक्त धुऊन काढायचं आणि वाट बघायची. असं का झालं, हे तिनं विचारलं. ते म्हणाले, बहुतेक वेळा चुकीच्या गटाचं रक्त चढलं की होतं.

एवढं पुरे झालं. रक्त जुळवायचं काम लॅबवाल्याचं. त्या दिवशी त्याची म्हातारी आई त्याचा डबा घेऊन आली होती. व्हरांड्यात, तिच्या देखत, खलाशाची बायको त्याला खुनी म्हणाली. ओरडली नाही. हळूच म्हणाली, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

या बाईला गावात लोकरवाली म्हणत. स्वेटर विणून विकायची. नवरा बोटीवर. लग्नानंतरचं अर्धं आयुष्य तिनं त्याची वाट बघण्यात काढलं. तो यायचा, पाहुण्यासारखा राहायचा, परत जायचा. या हिवाळ्याच्या तोंडावर तो कायमचा घरी आला आणि काही दिवसांतच पोटातला व्रण फुटून रक्त ओकला. अंगातलं रक्त गेलं म्हणून बाहेरचं चढवलं. आणि त्या रक्तानंच घात केला.

तिनं लेखी तक्रार केली. सोमवारी चौकशी समिती बसणार होती. समितीत लॅबवाल्याची नोकरी जाणार आणि पाठोपाठ पोलीस येणार, हे झाडूवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. लॅबवाल्याला लॅबमध्ये पाऊल टाकायला बंदी झाली. मोठ्या डॉक्टरांनी मात्र एक शहाणपणा केला. त्यांनी भिंगबाईंना बोलावलं.

२

भिंगबाई म्हणजे रक्ततपासणीच्या निवृत्त डॉक्टरीण. ही लॅब त्यांनीच उभी केलेली. नजर अधू झाल्यापासून गळ्यात काळ्या दोरीनं भिंग अडकवून हिंडायच्या. भाजी घेतानाही भेंडीवर भिंग धरतात, अशी त्यांची चेष्टा व्हायची. चेष्टा करणारे त्यांना घाबरून असत.

लॅबवाला त्यांना जिन्याच्या पायरीवर बसलेला सापडला. हा त्यांच्याच हाताखाली शिकलेला, म्हणून त्यांनी मुद्दाम मऊ आवाज काढला नाही. रक्त कुणी जुळवलं, पिशवी कुणी वर नेली, कुणाच्या हातात दिली, एकेक विचारलं. शिपाई रजेवर होता म्हणून पिशवी त्यानं स्वतः वर नेली होती. सिस्टरच्या हातात दिली. वाटेत कुठे थांबला नाही. परत येताना जिन्यात सिस्टर रिकाम्या हातांनी त्याला ओलांडून खाली बायकांच्या वॉर्डकडे पळत गेली, तेवढंच काय ते आठवत होतं.

"चोर सोडून संन्याशाला सुळी, असं मी आधी म्हणत होतो, बाई," तो म्हणाला. "आता तेही म्हणवत नाही. घरी चहात साखर घातली का नाही, हे मी दोनदा बघतो. माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

"मग आपण तिसऱ्यावर भरवसा ठेवू," बाई म्हणाल्या. "रक्तावर."

त्यांनी खलाशाचं नवं रक्त काढवलं. रक्त चढवण्याआधी काढलेला नमुना मागवला. चढवताना त्रास झाला की उरलेलं रक्त टाकायचं नसतं, म्हणून ती अर्धी पिशवी फ्रिजमध्ये होती, तीही मागवली. सगळे गट पुन्हा तपासले. गट जुळत होते. रक्तात रक्त मिसळून पाहिलं, गुठळी धरली नाही. परक्या रक्तावर अंग उलटलं तर पेशींना एक लेप चिकटून बसतो; तोही शोधला. नव्हता. सोयरीक अगदी गुण जुळवून झालेली होती, तरी संसार मोडला होता.

मग बाईंनी उरलेलं रक्त यंत्रात घालून गरगर फिरवलं. रक्त असं फिरवलं की पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. इथं वरचं पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल आलं. म्हणजे पेशी खलाशाच्या अंगात जाऊन फुटल्या नव्हत्या. पिशवीतच फुटल्या होत्या.

मोठे डॉक्टर म्हणाले, म्हणजे फ्रिज बिघडला, रक्त गोठलं, आणि फ्रिज लॅबचाच. बाईंनी फ्रिज उघडला. त्याच फळीवरच्या शेजारच्या पिशव्या तपासल्या, त्या ठणठणीत. मग त्यांनी एका छोट्या डबीतून बोटभर लांबीची नळी काढली. प्रत्येक पिशवीच्या नळीचा एक तुकडा कापून लॅबमध्ये ठेवायचा, ही शिस्त त्यांनीच घालून दिलेली. पिशवीतलं आणि या तुकड्यातलं रक्त एकाच माणसाचं, एकाच वेळी काढलेलं, एकाच फळीवर राहिलेलं. फक्त तुकडा खाली राहिला आणि पिशवी वर गेली.

तुकड्यातलं रक्त फिरवलं. वरचं पाणी स्वच्छ पिवळं होतं.

लॅबमधून निघाली तेव्हा पिशवी धडधाकट होती. खलाशाच्या हाताला लागली तेव्हा तिच्यात मेलेलं रक्त होतं. मध्ये होता एक जिना आणि एक वॉर्ड.

३

मोठ्या डॉक्टरांना हे पटलं आणि नाहीही पटलं. ते म्हणाले, पिशवी त्यानंच वर नेली ना? जिन्यात त्यानं काय केलं कुणी पाहिलंय? तुकडा त्याला सोडवत नाही. काय झालं ते दाखवा, मग सोडतो.

बाईंनी सिस्टरला गाठलं. पोरगी कामाची होती, पण उत्तरं फार तयार देत होती. पिशवी घेतली, नाव वाचलं, लगेच लावली. नळीतून दुसरं काही जात होतं का? फक्त मिठाचं पाणी, त्याची रिकामी बाटली अजून तिथंच होती आणि बाईंनी ती पाहिलीही होती. साखरेचं पाणी असतं तर पेशी फुटल्या असत्या. तेही नव्हतं.

"लगेच लावलीस?"

"लगेच, मॅडम."

"मग लॅबवाला जिना उतरत असताना तू रिकाम्या हातांनी त्याच्या अंगावरून पळत कुठं गेलीस?"

सिस्टर खाली बसली. बायकांच्या वॉर्डात एक म्हातारी न्हाणीघरात घसरून पडली होती. हाक आली तेव्हा पिशवी हातात होती. ती खलाशाच्या उशाजवळच्या कपाटावर ठेवून ती धावली. रक्ताची पिशवी अशी ठेवायची नसते, हे तिला ठाऊक होतं. म्हातारीला उचलून खाटेवर घालेपर्यंत, डॉक्टर येईपर्यंत बराच वेळ गेला. परत येऊन तिनं पिशवी लावली आणि कुणाला बोलली नाही. दुसरा माणूस बदनाम होत असताना गप्प राहिली, याचं तिला रडू येत होतं. पण नोकरीची भीती त्याहून मोठी होती.

मोठे डॉक्टर म्हणाले, झालं तर मग. चोर सापडला.

बाई म्हणाल्या, नाही सापडला. हिवाळ्यातल्या गार खोलीत कपाटावर तेवढा वेळ राहून रक्त मरत नाही. त्यांनी सिस्टरला एकच विचारलं. परत येऊन पिशवी उचललीस तेव्हा ती हाताला कशी लागली?

सिस्टर आठवू लागली. "गार नव्हती," ती सावकाश म्हणाली. "मला वाटलं, बाहेर राहिली म्हणून."

अशा थंडीत बाहेर राहिलेली वस्तू गारच राहते. बाईंनी उरलेली पिशवी टेबलावर पालथी घातली आणि भिंग धरलं. लेबलाचा एक कोपरा वळला होता. गोंद एकदा पाघळून पुन्हा वाळला होता. आणि त्या वाळलेल्या गोंदात, पापणीच्या केसासारखा, एक धागा चिकटला होता. लोकरीचा. मोरपिशी रंगाचा.

४

लोकरवाली यंत्राच्या खोलीबाहेर बाकावर बसून विणत होती. तिच्याकडे बघणाऱ्याला वाटलं असतं, ही बाई स्टेशनवर गाडीची वाट बघतेय. भिंगबाई तिच्या शेजारी टेकल्या. काही विचारावं लागलं नाही. बऱ्याच दिवसांत कुणी शेजारी बसलं नव्हतं, त्यामुळे ती आपणहून बोलायला लागली.

दर हिवाळ्यात ती नवऱ्यासाठी एक स्वेटर विणायची. माप घ्यायला माणूस समोर नसायचा. शेवटचा भेटला तेव्हा खांदा आपल्या हातांच्या कवेत केवढा आला होता, त्या अंदाजानं टाके घालायची. तो घरी आला तेव्हा तिनं पेटी उघडून सगळे स्वेटर त्याच्यापुढे मांडले. एकही अंगाला बसेना. सगळे मोठे. तो दर वर्षी थोडा थोडा आटत गेला होता आणि ती जुन्याच खांद्यांसाठी विणत राहिली होती. त्यावर दोघं पोट धरून हसले, असं ती म्हणाली. मग तो एक स्वेटर तसाच घालून बसला, बाह्या दुमडून.

थंडी त्याला सोसायची नाही, असंही ती म्हणाली. इतकी वर्षं समुद्रावर काढून घरी आला तर दातावर दात. रक्त अंगात शिरायला लागलं तेव्हाही गार गार म्हणत होता.

भिंगबाईंचे डोळे अधू असले तरी ऐकू त्यांना चांगलं यायचं. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या होत्या. पहिली सुखरूप गेली होती, त्रास दुसरीनं झाला होता. त्यांनी विचारलं, पहिल्या पिशवीच्या वेळी तो गार म्हणाला?

"हो ना. खांद्यापर्यंत बर्फ चढतोय म्हणाले. दुसऱ्या वेळी नाही म्हणाले."

तिच्या पायाशी वेताची परडी होती. परडीत लोकरीचे गुंडे, थर्मास, आणि शेकाची रबरी पिशवी. पिशवीला विणलेलं कव्हर होतं. मोरपिशी.

बाईंनी भिंग उचललं नाही. गरज नव्हती. त्या परडीकडे बघत बसल्या. दूध फ्रिजमधून काढलं की आपण कोमट करतो. आजाऱ्याला गार वस्तू तशीच देत नाही. हे कुठल्याही घरातली कुठलीही बाई करील.

लोकरवालीनं सुया थांबवल्या.

"तुम्ही चौकशी करताय ना? मला फक्त नाव सांगा," ती म्हणाली. "माझा माणूस आत्ता कुठं माझा झाला होता. ज्यानं हे केलं त्याला मी सोडणार नाही."

५

खलाशी यंत्राला जोडलेला होता. एका नळीतून त्याचं रक्त बाहेर जात होतं आणि धुऊन दुसऱ्या नळीतून परत येत होतं. पिवळेपणा थोडा उतरला होता. भिंगबाईंनी दार लावून घेतलं तेव्हा तो म्हणाला, "तुम्हाला कळलं."

त्याला कधी कळलं, हे बाईंनी विचारलं. तो म्हणाला, आपल्याला वैद्यकातलं काही कळत नाही. पण हुडहुडी भरली तेव्हाच मनात आलं, की त्या दिवशी वेगळं काय घडलं होतं? एकच. त्यानं पहिल्या वेळी गार वाटतं म्हणून कुरकुर केली होती. दुसरी पिशवी कपाटावर ठेवून सिस्टर पळाली. लोकरवालीनं व्हरांड्याच्या टोकाला जाऊन शेगडीवर पाणी उकळलं, शेकाची पिशवी भरली, रक्ताची पिशवी तिच्यावर आडवी ठेवली आणि वर उशी दाबली. बराच वेळ. मग सिस्टरची चाहूल लागली तशी पिशवी होती तिथं ठेवून दिली. तिला वाटलं, सिस्टर रागावेल. याहून मोठं काही तिच्या मनातही आलं नाही.

बाईंनी त्याला समजावलं, रक्त अंगाइतकं कोमट असलेलं चालतं, पण उकळत्या पाण्याच्या पिशवीला लागून राहिलं की पेशींची कातडी विरते आणि त्या फुटतात. ते सिस्टरनं गार लावलं असतं तर आज तो घरी असता.

त्यानं बंद दाराकडे बघितलं.

"तिला सांगू नका."

"लॅबवाल्याचं काय? सोमवारी त्याला काढतील."

"म्हणून तर म्हणतो, माझं नाव लिहा. मीच ठेवली पिशवी शेकाच्या पिशवीवर. थंडी वाजत होती, ठेवली. आजारी माणसानं केलेला मूर्खपणा, त्याला कोण फाशी देतंय? लॅबवाला सुटतो, सिस्टर सुटते, आणि ही पण." मग त्यानं हसायचा प्रयत्न केला. "इतकी वर्षं मी तिला दिलं काय हो? मनीऑर्डर आणि वाट बघणं. आता हे देतो."

भिंगबाईंचा नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. आपल्यासाठी खोटं बोलणारं आता जगात कुणी नाही, हे त्यांना तिथं उभ्या उभ्या एकदम जाणवलं. त्यांनी त्याला होही म्हटलं नाही आणि नाहीही.

६

त्या बाहेर आल्या. तक्रार लोकरवालीची होती, तेव्हा पहिलं उत्तर तिला द्यायला हवं होतं. त्यांनी तिला सांगितलं की रक्ताचे गट बरोबर जुळले होते. लॅबवाल्याची चूक नव्हती. पिशवी कपाटावर असताना ती तापली आणि त्यानं पेशी फुटल्या.

"तापली? कशी तापली?"

"तुमचे यजमान म्हणतात, त्यांनी स्वतः ती शेकाच्या पिशवीवर ठेवली."

यात खोटं एकही अक्षर नव्हतं. तो तसं म्हणत होताच. बाईंनी नजर समोरच्या भिंतीवर ठेवली.

लोकरवालीनं विणकाम मांडीवर ठेवलं, मग परडीत ठेवलं, मग पुन्हा मांडीवर घेतलं.

"त्यांचा उजवा हात फळीला बांधलेला होता," ती म्हणाली. "डाव्या हातानं त्यांना पाण्याचा पेला धरवत नव्हता. मी चमच्यानं पाजत होते. पाणी मी उकळलं. पिशवी मी भरली." तिनं श्वास घेतला. "ते खोटं का बोलतायत?"

उत्तराची गरजच नव्हती. प्रश्न विचारता विचारताच ते तिच्या चेहऱ्यावर उतरत होतं, आणि उतरलं तेव्हा ती रडली नाही. परडीतून तिनं शेकाची पिशवी काढली, कव्हर सोलून काढलं आणि हातात धरून बसली. मग विचारलं, "दूध तापवतात तसंच केलं मी. नाही चालत?"

"नाही चालत."

"कुणी सांगितलं नव्हतं."

"कुणी सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "आणि पिशवी तुमच्या हाताशी ठेवून कुणी जायलाही नको होतं. हे मी समितीला तसंच सांगणार आहे."

लोकरवाली उठली. बाईंना वाटलं ती आत जाईल. ती जिना उतरून लॅबकडे गेली. लॅबवाला पायरीवर होता. शेजारी त्याची आई होती, डब्याचं झाकण लावत. लोकरवाली आधी त्या म्हातारीसमोर उभी राहिली. त्या दिवशी जे शब्द ती हळूच बोलली होती, ते परत घेताना मात्र मोठ्यानं बोलली. तुमच्या मुलानं काही केलं नाही, रक्त मी तापवलं, तक्रार मी आत्ता फाडते आणि मोठ्या डॉक्टरांसमोरही हेच सांगते. येणारे जाणारे थांबले. खिडक्यांत डोकी आली.

लॅबवाल्यानं त्या दिवसापासून मनात पुष्कळ शब्द रचून ठेवले असणार. त्यातला एकही त्याला सापडला नाही. त्यानं पायरीवर जागा केली आणि म्हणाला, "काकू, बसा आधी."

त्याची आई मात्र बसा म्हणाली नाही. ती डबा उचलून चालू लागली. पाच-सहा पावलांवर थांबली, वळून बघितलं, आणि परत येऊन लोकरवालीच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

मोठ्या डॉक्टरांकडे सगळं सांगून व्हायला दुपार टळली. लॅबवाल्याला किल्ल्या परत मिळाल्या. सिस्टरला ठपका मिळाला आणि तो तिनं मान खाली घालून घेतला. मग लोकरवाली यंत्राच्या खोलीत गेली. भिंगबाई दारापर्यंत तिच्याबरोबर होत्या. दार त्यांनी अर्धवट लोटलं, पूर्ण लावायचा धीर झाला नाही.

खलाशानं तिचा चेहरा बघितला आणि ओळखलं. तो भिंतीकडे वळायला लागला, पण नळ्यांनी वळू दिलं नाही.

"मूत्रपिंडं परत चालू होतील, डॉक्टर म्हणतात," तो म्हणाला. "होतात बऱ्याच जणांची."

"तेही मी त्यांनाच विचारीन. तुमच्यावर भरवसा नाही." ती खाटेच्या पायाशी उभी होती. "तुम्ही तिकडून फोन करायचात. कसे आहात विचारलं, की बरा आहे. हात मोडला तेव्हा बरा आहे. तुमचा जोडीदार बुडाला, ते मला त्याच्या बायकोकडून कळलं. तुम्ही बरे होतात. आणि आता माझ्यासाठी हे. माझं जे आहे ते मला द्या. मी केलंय, ते माझ्याकडे राहू द्या. त्यातलं तुम्ही उचलायचं नाही."

"तुला सोसलं नसतं."

"मला तुम्ही नव्हतात ते सोसलंय. आणखी काय राहिलं?"

यंत्र आपलं घरघरत राहिलं. त्यानं तिचा हात मागितला नाही, पण बोटं चादरीवर पुढे सरकली आणि तिनं ती धरली. बाहेरून भिंगबाईंना तिचा आवाज ऐकू आला, पहिल्यापेक्षा खाली आलेला.

"बोला आता काहीतरी. खरं. इतक्या वर्षांतलं कुठलंही."

"कुठून सुरू करू?"

"जिथून जमेल तिथून. मला कुठं जायचंय?"

भिंगबाई निघाल्या. व्हरांड्यात दोन पावलं टाकली असतील, मागून खलाशाचा आवाज आला, घोगरा, सवय नसलेल्या माणसाचा.

"पहिल्या बोटीवर," तो म्हणत होता, "एक मांजर होतं. आंधळं. कुणी सांगितलं नाही तरी त्याला किनारा आलेला कळायचा."

खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.